सुसरबाई, तुझी पाठ मऊ

मराठी माणसाचे मगरीशी काय नाते आहे, हे नुसत्या भाषेवरून ठरवायला गेले तर परक्या माणसाचा मोठा घोटाळा होईल. सावकाराने आवळलेला फास म्हणजे मगरमिठी. पुढारी दुष्काळी भागात येऊन ढाळतात ते नक्राश्रू. आणि जिच्या तावडीत सापडलो तिलाच खूष करण्यासाठी म्हणायचे ते 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ'. मिठी, अश्रू आणि मऊ पाठ! भावगीताला याहून जास्त सामान लागत नाही. हिंदी मुलखातली म्हण रोखठोक आहे. पाण्यात राहून मगरीशी वैर धरू नका, असे ते लोक सरळ सांगतात. आपण काय म्हणतो? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. माशाशी! ज्याला आपण तिखट-मीठ लावून ताटात घेतो, त्याच्याशी! मगरीचे नावसुद्धा काढायचे नाही, एवढी सावधगिरी मराठी माणसाने राखलेली आहे.

वाटूरच्या माणसाला ही सावधगिरी फुकटात जमते. जालन्याहून मंठ्याकडे जाणारा रस्ता आणि परतूरचा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, तो आमचा वाटूर फाटा. एका अंगाला दुधना, दुसऱ्या अंगाला पूर्णा; दोन्ही नद्या आम्हाला लांबूनच ओळखतात. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा त्यातून पाणी तरी येईल की नाही याची खात्री नसते, तिथे मगर कुठली येणार? त्यामुळे मगरीविषयी आम्ही जे काही बोलतो ते शुद्ध तत्त्वज्ञान असते. त्यात अनुभवाची भेसळ नसते. सप्ताहात बुवा गजेंद्रमोक्ष लावतात तेव्हा हत्तीच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या, चक्र सुटले की 'पांडुरंग हरी' म्हणायचे आणि घरी जाऊन झोपायचे, इतकाच आमचा आणि त्या प्राण्याचा संबंध.

तो वाढवला माझ्या भाच्याने. हा मुलगा नोकरीसाठी सिडनीला असतो. (आद्य शंकराचार्यांचा पाय लहानपणी मगरीने धरला आणि 'संन्यासाला परवानगी दे, म्हणजे ही सोडील' असे म्हटल्यावर त्यांच्या आईने होकार दिला, अशी कथा आहे. तीही म्हणे पूर्णा नदीतच, पण ती पूर्णा केरळातली. आमच्या बहिणीने एवढे ताणले नाही. मुलाचा व्हिसा पाहून तिने लगेच होकार दिला.) दिवाळीला तो आला आणि ओसरीवर बसून सुटीची हकीगत सांगू लागला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कॅथरीन नावाची नदी आहे. तिने तांबड्या वालुकाश्माचे डोंगर कापून एकामागून एक अशा तेरा घळी केल्या आहेत. त्या सगळ्या भागाचे नाव नितमिलुक. जमीन तिथल्या जावोयन लोकांची. ती त्यांना 1989 मध्ये परत मिळाली. भाचा त्या घळीतून वल्हे मारत गेला. मध्येमध्ये खडकांचे बांध लागतात. तिथे उतरायचे, नाव ओढत किंवा उचलून खडकांवरून पलीकडे न्यायची, पुन्हा पाण्यात टाकायची, पुन्हा वल्हे. उरलेला वेळ डोंगरावरून चालायचे. हे सगळे आपल्या पैशांनी.

"आणि पाण्यात मगरी," तो सहज म्हणाला. भाकरीबरोबर ठेचा होता म्हणावे तसे.

आमच्या आईने सुपारी कातरायची थांबवली.

भाच्याने लगेच खुलासा केला. त्या मुलखात मगरी दोन जातींच्या. एक गोड्या पाण्याची. निमुळत्या तोंडाची, अंगाने लहान, मासे-किडे खाणारी, सहसा माणसाच्या वाटेला न जाणारी. दुसरी खाऱ्या पाण्याची. ती प्रचंड मोठी आणि तिला माणूस चालतो. पावसाळ्यात पूर आला की ही दुसरी नदीने वर चढून येते. म्हणून पूर ओसरल्यावर तिथले वनरक्षक पिंजरे लावतात, तिला धरून बाहेर काढतात आणि मगच लोकांना पाण्यात सोडतात. गोड्या पाण्याचीला कोणी हलवत नाही. काही वाळूच्या पट्ट्यांवर उतरायला मनाई असते, कारण तिथे तिची अंडी असतात.

"म्हंजे बाळंतिणीची खोली," आई म्हणाली. तिथवर तिला पटले. मग तिने विचारले, "पर मला एक सांग. ती तुझ्या घरी आलती, का तू तिच्या घरी गेलता?"

"मीच गेलो होतो, आजी."

"कामून?"

हा 'कामून' मोठा वाईट शब्द आहे. ऑफिसच्या साहेबाने विचारला तर त्याला उत्तर असते. आजीने विचारला तर नसते. भाचा म्हणाला, मजा येते. थोडी भीती वाटली की माणूस जागा होतो. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, धोक्याचंच म्हणाल तर तुमच्या फाट्यावर रस्ता ओलांडणं त्या घळीपेक्षा जास्त धोक्याचं आहे."

हे मात्र शंभर टक्के खरे आहे. आमच्या फाट्यावर ट्रक, एस. टी., उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली आणि उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल यांच्यामधून जो रोज सुखरूप पलीकडे जातो, त्याला कोणत्याही नदीत सोडायला हरकत नाही. तरीही त्या रात्री मला झोप आली नाही. ट्रकच्या आणि मगरीच्या धोक्यात काहीतरी फरक आहे असे वाटत राहिले, आणि पहाटेकडे तो सापडला. ट्रकला मी नको असतो. मगरीला हवा असतो. ट्रकने माणूस गेला की ड्रायव्हर हळहळतो, मालक हळहळतो, विमा कंपनी तर सर्वांत जास्त हळहळते. माझ्या मरणाचा कोणालाच उपयोग नसतो, आणि गंमत अशी की, हीच गोष्ट आपल्याला सन्मानाची वाटते. मगरीच्या तोंडी गेलेला माणूस मात्र कामी येतो. चार दिवसांचा प्रश्न मिटतो. आणि नेमके हेच आपल्याला सहन होत नाही. आयुष्यभर 'परोपकारासाठी देह झिजवावा' म्हणणाऱ्या माणसाला विचारून पाहा, देह झिजवण्याचा हा प्रकार चालेल काय!

खाणारे आपण आणि खाल्ले जाणारे बाकीचे, अशी आपली पक्की समजूत आहे. मेल्यानंतरही आपण देह जाळून टाकतो. कावळ्याला पिंड देतो तोही भाताचा. आपल्या देहाने कोणाचे तरी पोट भरावे, असा विचार पारशी मंडळींनी तेवढा केला, आणि पुढे त्यांना गिधाडेच पुरेनात. जिवंतपणी आपली गणती अन्नात होऊ शकते, हे कबूल करण्यासाठी माणसाला फार मोठा धक्का बसावा लागतो.

असा धक्का खरोखरच बसलेली एक बाई होती, आणि नशीब असे की ती तत्त्वज्ञानाची अभ्यासक होती. व्हॅल प्लमवुड तिचे नाव. भाच्याच्या त्याच उत्तर ऑस्ट्रेलियात, काकाडूच्या अरण्यात, 1985 च्या फेब्रुवारीत ही बाई एकटीच छोट्या नावेतून वल्हे मारत चालली होती. नदीचे नाव ईस्ट ॲलिगेटर. त्या नदीत ॲलिगेटर एकही नाही; कोणा गोऱ्या दर्यावर्द्याने खाऱ्या पाण्याच्या मगरी पाहून चुकीचे नाव ठेवले आणि ते तसेच राहिले. तर त्या मगरींपैकी एकीने नावेला धडका दिल्या. बाईने काठावरच्या झाडाची फांदी धरून वर चढायचा प्रयत्न केला, तेवढ्यात मगरीने तिला धरले आणि पाण्याखाली नेऊन फिरवले. सावज धरून स्वतःभोवती गरागरा फिरायचे, ही मगरीची खास रीत. असे एकदा नव्हे, तीनदा झाले. आपल्या मगरमिठीतून निदान जमीन विकून सुटता येते. ही बाई तिसऱ्या वेळी निसटून चिखलातून वर आली आणि जखमी पायाने कित्येक तास सरपटत गेली, तेव्हा शोधायला आलेल्या वनरक्षकांना सापडली.

इथपर्यंतची गोष्ट शौर्याची झाली. पुढची मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या वनरक्षकांपैकी काहींच्या मनात दुसऱ्या दिवशी जाऊन एखादी मगर मारावी असे आले. हिचा मांडीचा लचका गेलेला, आणि ही म्हणाली, मारू नका. तिच्या जागेत मी गेले होते. पुढे ती 2008 पर्यंत जगली आणि या प्रसंगावर पुष्कळ लिहून गेली. सांगणे एवढेच की, मीसुद्धा कोणाचे तरी अन्न आहे हे त्या डोळ्यांत पाहिल्यावर मला कळले.

म्हणजे आमच्या आईचाच प्रश्न. ती आलती, का तू गेलता?

हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की पुराणेसुद्धा धड ऐकू देत नाही. पुढच्या सप्ताहात बुवांनी गजेंद्रमोक्ष लावला. भागवताच्या आठव्या स्कंधातली कथा. मी आजवर ती पन्नास वेळा ऐकली असेल, पण तो हत्ती त्या सरोवरावर कशासाठी गेला होता याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. तो पाणी प्यायला तर गेलाच होता, पण नंतर हत्तिणी, पिल्ले असा सगळा गोतावळा घेऊन जलक्रीडा करत बसला होता. सोंडेने पाणी उडवत होता. थोडक्यात, सहल! मगर बिचारी आपल्या घरी होती. तिने पाय धरला. मग हजार वर्षे ओढाओढ, मग कमळ, मग धावा, मग गरुड, मग चक्र.

कीर्तन संपल्यावर मी बुवांना गाठले. म्हटले, "बुवा, मगरीचं काय चुकलं?"

बुवा जाणते. त्यांनी सांगितले की ती मगर म्हणजे मुळात हूहू नावाचा गंधर्व, देवल ऋषींच्या शापाने तसा झालेला. चक्र लागताच शाप सुटला, उद्धार झाला. तोही सुखी, हत्तीही सुखी.

"उद्धार झाला हे ठीक," मी म्हणालो, "पण त्या दिवशी ती जेवली काय?"

बुवांनी उपरणे झटकले आणि 'गुरुजींना पित्त झालंय' असे शेजारच्याला सांगितले. पण मला त्यांच्या अडचणीची कल्पना आहे. मगरीची बाजू घेऊन सप्ताह होत नाही.

आता एवढे सगळे झाल्यावर मी मगरीचा वकील झालो असे कोणी म्हणेल. तसे नाही. आईच्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि ती पाहायला ऑस्ट्रेलियात जावे लागत नाही. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी भिलवडी, औदुंबर या बाजूला जा. तिथली मगर पक्की आपली, गोड्या पाण्याची, पण हिला नितमिलुकच्या मगरीचे वळण नाही. ही माणसाला धरते. नदीवर धुणे धुणारी बाई, डुंबणारे पोर, रात्री वीज आली म्हणून मोटार चालू करायला काठावर उतरलेला शेतकरी, यांच्यापैकी कोणीही मजेसाठी पाण्याजवळ गेलेले नसते. तिथे 'कामून?' विचाराल तर उत्तर लगेच मिळते. पाण्याला. पाण्याला जाण्यासाठी माणसाने कोणाची परवानगी मागायची? 1972 साली आमच्याकडे प्यायला थेंब नव्हता, मोठमोठे शेतकरी खडी फोडायला गेले होते, त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि मगरीला अभय मिळाले. 1975 मध्ये तिच्यासाठी सरकारची खास योजना निघाली. ते योग्यच झाले, कारण तोवर मगरीने जितकी माणसे खाल्ली त्याच्या कितीतरी पट मगरी माणसाने कमरेला पट्टा म्हणून बांधल्या होत्या. पण अभय दिले दिल्लीने, आणि ते रोज पाळायचे भिलवडीच्या बाईने. धुण्याचा पिळा हातात धरून.

म्हणून मला असे वाटते की धोका दोन प्रकारचा असतो आणि त्या दोहोंना एकच नाव देऊ नये. एक आपण तिकीट काढून घेतो. त्यात काही झाले तर रडायला जागा नाही, आणि विशेषतः तिच्यावर सूड उगवायला तर मुळीच नाही. लग्नाचे आमंत्रण नसताना पंगतीत बसलो आणि वाढप्याने आमटी अंगावर सांडली, तर यजमानाला कोर्टात खेचता येत नाही. दुसरा धोका जन्मताच पदरात पडतो. त्यातल्या माणसाला रडायचा, ओरडायचा, सरकारच्या दारात बसायचा पूर्ण हक्क आहे. घोटाळा होतो तो पहिल्या प्रकारचे लोक दुसऱ्यांना शहाणपण शिकवू लागतात तेव्हा. मुंबईत बसून 'मगरीबरोबर जगायला शिका' म्हणणे फार सोपे. मुंबईत पवई तलावात मगरी आहेत खऱ्या, पण मुंबईकराला धुणे तिथे धुवावे लागत नाही.

जे खरोखर जगायला शिकले, त्यांची रीत निराळी. गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी खाजण शेती करणारी गावे आहेत. फोंडा तालुक्यात दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला लोक ओल्या मातीची मगर घडवतात. शिंपल्यांचे डोळे, काड्यांचे दात. तिला फुले वाहतात, तिच्यापुढे कोंबडीचे पिल्लू नाही तर अंडे ठेवतात आणि मागणे मागतात, की आमच्या गुराढोरांना, लेकरांना सांभाळ. याला मानगे थापणी म्हणतात. मानगे म्हणजे मगर. आपण याला भाबडेपणा म्हणू. पण यात तिला मारून टाकण्याची भाषा नाही आणि ती मऊ आहे असले खोटे बोलणेही नाही. दात काढले आहेत, आणि दात आहेत हे धरूनच मागणे आहे. सुसरबाईच्या पाठीपेक्षा मला हे बरे वाटते.

भाच्याची सुटी संपायच्या आत आम्ही चिपळूणला जाऊन आलो. 'मामा, घरची मगर बघू,' असा त्याचा आग्रह. मराठवाड्यातल्या माणसाला चिपळूणला पहिली चीड पाण्याची येते. कोयना ही पूर्वेला वाहणारी नदी. तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीला उतरवतात, वीज करतात आणि पुढे ते वाशिष्ठीला मिळून समुद्रात जाते. वाटेत मगरी त्यात लोळतात. माझ्या मनात आले, पुढचा जन्म इथेच मागावा, कोणत्याही योनीत.

गोवळकोटचा छोटा किल्ला चढून गेलो. वरून वाशिष्ठीचे वळण दिसले, हिरवे डोंगर आणि मध्ये ओहोटीने उघडा पडलेला चिखल. भाचा म्हणाला, नितमिलुकसारखी घळ नाही ही. मी म्हणालो, आहे ती गोड मानून घे. खाली धक्क्यावरून होडी निघाली. आम्हाला नारिंगी जाकिटे घातली होती, त्यामुळे आम्ही लांबूनही उत्तम दिसत होतो. हे कोणाच्या सोयीसाठी, असा एक विचार येऊन गेला.

चिखलावर ती पडलेली होती. तोंड उघडे, डोळे उघडे, हालचाल शून्य. अंगातली उष्णता कमी करायला ती असे तोंड उघडून बसते, हे भाच्याने सांगितले. होडीतल्या एका गृहस्थांना तिने काहीतरी करावेसे वाटत होते. पैसे भरले होते त्यांनी. त्यांनी टाळी वाजवली, शिट्टी वाजवली आणि शेवटी बिस्किटाचा पुडा हातात घेतला. नावाड्याने तो शांतपणे काढून घेतला. म्हणाला, "तिला सवय लावू नका साहेब. तुम्ही जाल चार वाजता. आम्ही हितंच हाय."

मग त्याने 2024 च्या पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. रात्री पावसात एक मगर चिपळूणच्या भर रस्त्यावरून चालत निघाली होती, आणि मागून रिक्षा. आईला ही गोष्ट सांगायला हवी, असे मला वाटले. इथे ती आपल्या घरी आलती. पण ज्या काठांवर आज घरे आहेत तिथे आधी कोण राहत होते, हे आईने नक्की विचारले असते.

परतताना भरती लागत होती. अलीकडच्या काठाला कमरेएवढ्या पाण्यात एक बाई उभी होती आणि पायाने चाचपून तिसऱ्या काढत होती. जाकीट नाही, काही नाही. डोक्याला पदर बांधलेला आणि कमरेला टोपली. मगर मागच्या वळणावर, फार लांब नाही. भाच्याने न राहवून विचारले, "मावशी, भीती नाही वाटत?"

"वाटते तर," ती मान वर न करता म्हणाली. "पण तिसऱ्या काय घरी चालत येतात?"

होडीतले कोणीच बोलले नाही. बिस्किटवाले गृहस्थही नाही. धक्क्यावर उतरल्यावर भाच्याने तिची वाट पाहिली आणि तिसऱ्यांचे दोन वाटे घेतले. ती सांगेल त्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करायची माझी जुनी सवय आहे. त्या दिवशी मी तोंड उघडले नाही. तोंड उघडून बसायला पलीकडच्या काठावर दुसरी होतीच.